कबरीच्या दगडाचा फोटो आणि त्यावरचं एक अडलेलं अक्षर (मदत हवी आहे)

सुरूच्या_बनातून

मंडळी, धागा जरा लांब आहे. घाईत असाल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा, अडचण तिथे आहे.

मी मूळचा अलिबागकडचा, नोकरीमुळे पुण्यात. गावी गेलो की कॅमेरा घेऊन फिरायची सवय. 'फाइंड अ ग्रेव्ह' नावाचं एक संकेतस्थळ आहे (१९९५ पासून चालू). जगभरातले लोक तिथे "अमुक दफनभूमीत माझ्या आजोबांची कबर आहे, कुणी फोटो काढून द्याल का?" अशी मागणी नोंदवतात आणि जवळपास राहणारा कुणीतरी जाऊन फोटो चढवतो. पैशाची देवघेव नाही. पुण्यात मी असे वीसेक फोटो काढले. सगळे इंग्रजांचे, सगळे सोपे. इंग्रजी अक्षरं खोल कोरलेली, नाव, हुद्दा, तारीख, बायबलातली एखादी ओळ. क्लिक, चढवला, आभार, संपलं.

मग इस्रायलमधल्या बेरशेवाहून एका बाईंचा निरोप आला. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मराठी रोमन लिपीत लिहिलेलं, पण काय मराठी! माझी आजी बोलायची तसं. "तुमी अलिबागचे का? आमचे पणजोबाचा दगड तिकडे हाय. माझी आई सांगून गेली. मला देवनागरी वाचता येत नाय, बोलता येते."

आमच्या भागात बेने इस्रायलांना जुनी माणसं अजून 'शनवार तेली' म्हणतात. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. अलिबागेत इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे, पण घरं आता बोटावर मोजण्याइतकी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. दफनभूम्या राहिल्या. नवगावची सगळ्यात प्रसिद्ध, कारण गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना तिथे पुरलं अशी त्यांची परंपरा सांगते. मी गेलो ती वेगळी, एका गावाबाहेरची. नाव मुद्दाम देत नाही.

पहिल्या फेरीला मी शहाणा शनिवारी पोचलो. किल्ली ज्यांच्याकडे असते ते आजोबा ओटीवर बसले होते. ते स्वतः आगरी, पण नियम त्यांना पाठ. "आज शनवार. आज नाय उघाडत. उद्या या." मुकाट्याने बहिणीकडे मुक्काम केला.

रविवारी आत गेलो. गवत कमरेएवढं. साठ-सत्तर दगड, काही आडवे पडलेले. बाईंनी दिलेलं नाव यहेज्केल, वडील अब्राहम, आडनाव गावावरून पडलेलं '-कर'. तीन तास फिरलो, यहेज्केल कुठेच नाही. शेवटी कुंपणाच्या भिंतीला टेकलेला एक काळा दगड दिसला. वर हिब्रूच्या चार ओळी, खाली बाळबोधमध्ये "हसाजी बिन आबाजी", मग तेच आडनाव. आडनाव जुळतंय, नाव नाही. तरी फोटो काढला.

आता अडचण. मराठी ओळीत "सन १८९" एवढंच उरलंय, शेवटच्या आकड्याच्या जागी टवका उडालाय. हिब्रू ओळीत वर्ष असणार, पण मला हिब्रूतलं ओ की ठो कळत नाही. बाईंना हिब्रू येतं, पण फोटोत शेवटचं अक्षर त्यांना गिमेल वाटतंय आणि त्यावरून १८९३ येतं. त्यांच्या घरात तर पक्कं सांगतात की पणजोबा मुंबईत सुतारकाम करायचे, प्लेगात बोटीने गावी आले आणि आठ दिवसांत गेले. प्लेग १८९६ चा. मग हा दगड दुसऱ्याच कुणाचा?

फोटो खाली जोडलाय. कुणी वाचून देईल का?

वाळवण

रुमाल टाकून ठेवते. रात्री सावकाश वाचते.

उंटावरचा_शहाणा

छान लेख. पण एक भोचक प्रश्न: दुसऱ्याच्या आजोबांच्या कबरीचे फोटो जालावर टाकायला परवानगी कुणाची घेतली? आणि ते संकेतस्थळ आता हौशी माणसांचं राहिलेलं नाही. वंशावळीचा धंदा करणाऱ्या अॅन्सेस्ट्री कंपनीने ते २०१३ साली विकत घेतलं. म्हणजे उन्हात तुम्ही तापायचं आणि दुकान त्यांचं चालायचं.

सुरूच्या_बनातून

@उंटावरचा_शहाणा, मालकीचं खरं आहे, मला ठाऊक होतं. म्हणूनच हा फोटो तिथे चढवलेला नाही, बाईंना थेट पाठवला. इथे टाकलाय त्यात आडनावाची ओळ झाकली आहे. परवानगी त्या पणतीचीच. आजोबांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "फोटो काडा, दगड नेव नका." दगड नेणारेही येऊन गेलेत म्हणे.

खडकी_बाजार

या विषयावर लिहिणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मी गेली काही वर्षं खडकीच्या युद्ध दफनभूमीत हेच काम करतोय. तिथे दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण आहेत. सगळे दगड एका मापाचे, रांगेत, हिरवळ कापलेली. फोटोग्राफरला स्वर्ग.

पण एक खाच सांगतो, कारण मी स्वतः तिच्यात पडलोय. इंग्लंडहून एकांनी शिवडीच्या दफनभूमीतला फोटो मागितला. पहिल्या महायुद्धातला सैनिक, नोंद शिवडीचीच. दोन रविवार मी तिथे घालवले. नंतर कळलं की शिवडीतल्या ६२९ सैनिकांचे अवशेष १९६२ सालीच खडकीला आणले आहेत आणि नाव आमच्या इथल्या स्मारकावर आहे. माझ्या घरापासून चालत बारा मिनिटं. त्यामुळे निघण्यापूर्वी नोंद कोणत्या काळातली आहे ते बघत जा.

तुमच्या फोटोबद्दल: भर दुपारी काढलाय ना? सावलीच नाही, अक्षरं सपाट दिसतायत. दगडाचे फोटो सकाळी सात ते साडेआठ, नाहीतर ऊन कलल्यावर. उजेड बाजूने, दगडाला घासून गेल्यासारखा आला पाहिजे. दगड उत्तरेकडे तोंड करून असेल तर त्यावर ऊन नीट पडतच नाही. मग आरसा घ्यायचा. एकाने दोन-तीन हात लांब उभं राहून उन्हाची तिरीप दगडावर तिरकी पाडायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. दाराएवढा आरसा असेल तर उत्तम. आणि प्रत्येक दगडाचे तीन फोटो: पूर्ण दगड, फक्त मजकूर, आणि शेजारच्या दगडांसकट. तिसरा लोक विसरतात. शेजारी बायको असते, भाऊ असतो.

सुरूच्या_बनातून

भर दुपारीच. शिवाय कबूल करून टाकतो: त्या शेवटच्या अक्षराच्या पायाशी पांढरट बुरशीसारखं काहीतरी होतं, ते नखाने थोडं खरवडलं.

खडकी_बाजार

अरे देवा. परत करू नका. ती बुरशी नव्हे, दगडफूल. आपण मसाल्यात घालतो त्याचंच भावंड. त्याची मुळं म्हणावीत अशी तंतूजाळी दगडात शिरलेली असते, ओढलं की पापुद्र्यासकट अक्षर हातात येतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. तारेचा ब्रश नको, अॅसिड नको, खडू नको, परदेशी व्हिडिओत दाखवतात तो दाढीचा फेसही नको. आपल्या काळ्या पाषाणाला तर नुसतं पाणी शिंपडलं तरी खाचा उठून दिसतात.

मु_पो_खटाव

धागा वाचून आत काहीतरी हललं. आमच्याकडे उलटी गोष्ट आहे.

माझ्या आजीचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, १९४३ च्या हिवाळ्यात इटलीत सांग्रो नदीवर गेले. घरी तार आली, पुढे पेन्शन आलं, कबर कुठे हे कुणी विचारलंच नाही. हिंदूला कसली कबर? पाचेक वर्षांपूर्वी मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था) सूचीत शोधायला बसलो. नावाने काही सापडेना. इंग्रज कारकुनाने खटाव तालुक्यातलं नाव कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, आणि मधल्या 'राव'चं भलतंच काहीतरी. शेवटी पेन्शनच्या कागदावरचा पलटणीतला नंबर टाकला आणि एका फटक्यात नोंद आली. खाली लिहिलेलं: अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, इंडिया. गावाचं स्पेलिंग चुकलेलं, तरी वाचताना अंगावर काटा आला.

सांग्रोच्या दफनभूमीतच दहन झालेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, पाचशेहून जास्त नावं. दगड एकेकाचा नाही, भिंतीवर नाव. मी वॉर ग्रेव्ह्ज फोटोग्राफिक प्रोजेक्टकडे फोटो मागितला. त्यांचंही काम स्वयंसेवकांवरच चालतं. आलेला फोटो आजीला दाखवला. तिने फोनवर बोट ठेवून विचारलं, "ह्यातलं आमचं कुठलं?" तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी ओळ दाखवली. तिने तीच ओळ चार वेळा मोठी करायला लावली.

माणगावच्या यशवंत घाडगेंचंही तसंच. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला माणूस, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, पण त्यांचीही स्वतंत्र कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

वाळवण

@मु_पो_खटाव, आजीचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, कुतच्या वेढ्यात. त्यांचाही फोटो असा मागवता येईल का?

मु_पो_खटाव

ताई, तिथे वाईट बातमी आहे. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर सैनिकांची नोंद आहे, पण भिंतीवर नावं इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा कोरलेला. अमुक मराठा पलटण, 'आणि इतके इतर'. नावं वेगळ्या नोंदवहीत. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचं नाव कुठेच घातलं नाही किंवा कसली आठवणच ठेवली नाही. त्यात ते स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेलं. स्वयंसेवक गेला तरी फोटो कशाचा काढणार? सूचीत नंबर घालून नोंद तेवढी बघा. पलटणीचं नाव माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बसतो तुमच्याबरोबर.

जुनी_वही

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आपल्याकडे दगड नसतो, वही असते. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे जा, गाव आणि आडनाव सांगा, ते लाल कापडातलं बाड सोडतात आणि तुमच्या खापरपणजोबांनी कुणाबरोबर येऊन कुणाचं श्राद्ध केलं ते वाचून दाखवतात. कधी कधी खाली त्यांची स्वतःची सही, मोडीत. माझ्या घरच्या सात पिढ्या अशाच मिळाल्या. बायकांची नावं मात्र माहेरची नाहीत, सासरचीच.

वसईची_वेलची

आमच्या वसईत दगडाच्या भरवशावर राहू नका. जागा कमी, त्यामुळे काही वर्षांनी कबर परत वापरतात, अस्थी काढून वेगळ्या ठेवतात. मुंबईत, गोव्यातही तेच. कायमची घेतलेली घराण्याची कबर असेल तरच जुना दगड टिकतो. आमच्याकडे शोध घ्यायचा तर चर्चची बाप्तिस्म्याची आणि मृत्यूची नोंदवही. फादरना आधी फोन करून जा. रविवारी मिस्सानंतर लगेच गाठलंत तर ते वैतागतात.

उंटावरचा_शहाणा

धागाकर्त्याचं अक्षर राहिलं बाजूला. वसई, नाशिक, बसरा झालं, आता वीरगळही येऊ द्या.

हैफाचा_पाहुणा

उशिरा आलो, माफी. मी मूळचा सोलापूरचा, शिकायला म्हणून इथे आलो आणि राहिलो. हिब्रू वाचता येतं. फोटो मोठा करून बघितला. लिहितो तसं वाचा.

सगळ्यात वर दोन अक्षरं आहेत, पे आणि नुन. 'इथे पुरलेला' याचं लघुरूप. अगदी खाली पाच अक्षरं आहेत, 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो' याची आद्याक्षरं. ही दोन्ही जवळपास प्रत्येक ज्यू दगडावर असतात, त्यात अडकू नका.

दुसरी ओळ: यहेज्केल बेन अव्राहम. म्हणजे नाव जुळलं! तुमचा हसाजी हाच यहेज्केल. बेने इस्रायलांत ही जोडनावं ठरलेली असायची. शमुवेलचा सामाजी, बिन्यामिनचा बेनाजी, एलियाचा एलोजी, अब्राहमचा आबाजी, यहेज्केलचा हसाजी. सिनेगॉगमध्ये एक नाव, बाजारात दुसरं. म्हणून तुम्हाला तीन तास यहेज्केल सापडला नाही. तो देवनागरीत तिथे नव्हताच. गंमत बघा, मराठीतला 'बिन' आणि हिब्रूतला 'बेन' दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा'. आपला अरबीतून आलाय, पण ती भाषा हिब्रूची सख्खी बहीण.

आता वर्ष. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. तिसऱ्या ओळीत महिना आहे शेवात, मग ताव (४००), रेश (२००), नुन (५०), आणि ते अडलेलं अक्षर. पाच हजार लिहीत नाहीत, गृहीत धरतात. आलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन मिळतो. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे पहिल्या तीनेक महिन्यांसाठी एक कमी करायचा. शेवात जानेवारीच्या आसपास येतो, तेव्हा १२४० बरोबर.

शेवटचं अक्षर गिमेल (३) असेल तर ६५३, म्हणजे १८९३. पण गिमेल आणि झायिन (७) यांच्यात फरक फक्त पायाचा. गिमेलला खाली डावीकडे छोटा पाय असतो, झायिन सरळ उभा, डोक्यावर आडवी टोपी. तुमच्या फोटोत पाय दिसतोय तिथेच नेमकं ते दगडफूल आहे. झायिन असेल तर ६५७, म्हणजे १८९७ चा जानेवारी, फार तर फेब्रुवारीचे पहिले दिवस.

छातीठोक सांगत नाही. पण एक युक्ती आहे. यहेज्केल या नावातलं तिसरं अक्षरही झायिनच असतं. एकाच पाथरवटाने एकाच दगडावर कोरलेलं. दोन्ही अक्षरांचा जवळून, आरशाच्या उजेडात फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. टोपीची लांबी, दांड्याचा बाक सगळं जुळायला हवं.

खडकी_बाजार

वा! या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत टाकला.

सुरूच्या_बनातून

मंडळी, कालच जाऊन आलो. म्हणून मधले दिवस गप्प होतो.

बहिणीच्या घरातला आरसा काढून नेला. भाचा आरसा धरायला. सकाळी पावणेआठ. पाणी शिंपडलं, पाच मिनिटं थांबलो, भाच्याला म्हटलं आता तिरका कर. आणि खरं सांगतो, इतका वेळ जो नुसता काळा दगड होता त्यावर ओळी वर आल्या. नावातलं तिसरं अक्षर: टोपी उजवीकडे किंचित झुकलेली, दांडा खाली बारीक होत गेलेला. वर्षातलं शेवटचं अक्षर: तीच टोपी, तोच दांडा. पायाच्या जागी खाच नाहीच. बोट फिरवलं तर दगड गुळगुळीत. पाय होता तो फक्त दगडफुलाचा.

१८९७. मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये सुरू झाला आणि त्या हिवाळ्यात निम्मं शहर बोटींनी, गाड्यांनी गावाकडे पळत होतं. घरची गोष्ट बरोबर होती.

दोन्ही फोटो बाईंना पाठवले. रात्री त्यांनी फोन केला, पहिल्यांदाच. हिब्रूच्या ओळी त्यांनी वाचून दाखवल्या, मराठीच्या मी. त्यांना 'हसाजी' हे नाव माहीत होतं! म्हणाल्या, "आई रागवली का माझ्या भावाला बोलायची, हसाजीवर गेलाय. मला वाटायचं शिवी हाय." दोघंही खूप हसलो.

मग त्यांनी तिसरा फोटो नीट पाहिला, खडकी_बाजार यांच्या सांगण्यावरून काढलेला, शेजाऱ्यांसकटचा. डाव्या हाताला एक बुटका दगड आहे, अर्धा मातीत. त्यावर फक्त "...बाई कोम हसाजी" एवढं दिसतंय, म्हणजे हसाजीची बायको. पुढचं मातीखाली. पणजीचं नाव त्यांच्या घरात कुणालाच माहीत नाही.

आजोबांना विचारलंय. खणायचं नाही, पण दगडापुढची साचलेली माती हाताने बाजूला करायला त्यांची हरकत नाही. येत्या रविवारी परत जातोय. शनिवारी नाही! बाकीचे साठ दगडही एकदाचे टिपून घ्यावेत असं डोक्यात आहे. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाची जगभरातल्या दफनभूमींची सूची असते, तिथे द्यायचे का ते बाई त्यांच्या ओळखीच्यांना विचारून सांगणार आहेत. एकट्याने दिवसभरात होणार नाही. कुणी येणार का?

हैफाचा_पाहुणा

हिब्रूच्या ओळींचे फोटो त्या त्या वेळी व्हॉट्सअॅपवर टाकत जा. इथे तेव्हा भल्या पहाटेची वेळ असेल, पण जागा राहतो. दालेत-रेश आणि हे-खेत ही जोड्याही फसव्या आहेत, त्यांचे फोटो दोन-दोन काढा.

मु_पो_खटाव

मी येतो. साताऱ्याहून शनिवारी रात्री निघेन. खुरपं आणू की नको?

सुरूच्या_बनातून

खुरपं नको!! मऊ ब्रश, पाण्याच्या बाटल्या, टोपी. गवत जास्त आहे, बूट घाला.

वाळवण

मी मुंबईहून लाँचने येते, मांडव्याला कुणी घ्यायला येईल का? डबा सगळ्यांचा माझ्याकडे. आजोबांसाठी पण.

खडकी_बाजार

मीही. आरसा माझ्याकडून. बायको विचारतेय कपाटाचं दार का उतरवलं.